स्वयंपाकघराच्या दारातला राष्ट्राध्यक्ष

प्रेसिडेंट्स डे म्हणजे इथे अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांच्या नावानं असलेली फेब्रुवारीतली सुट्टी. तिच्या आदल्या शुक्रवारी आमच्या लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी एक खेळ काढला. एकेकाकडे बघून बाकीच्यांनी ठरवायचं, हा माणूस कुठला प्रेसिडेंट. आमचा सुपरवायझर दर शनिवारी कुठलातरी डोंगर चढून येतो आणि सोमवारी गुडघ्याला पट्टी बांधून कामावर हजर असतो, त्याला अर्थातच थिओडोर रूझवेल्ट मिळाला, तोच तो १९१२ साली मिलवॉकीला छातीत गोळी लागलेली असताना आधी तासाभराच्या वर भाषण ठोकून मग हॉस्पिटलात गेलेला. एका मुलीवर ट्रुमन की आयसेनहॉवर अशी बरीच वादावादी झाली. माझी पाळी आली तेव्हा मात्र कुणाला विचार करावाच लागला नाही, दोघंतिघं एकदमच म्हणाले, कूलिज! आणि सगळे हसले. प्रेमानं हसले, त्यात वाईट काही नव्हतं, मीपण हसले. पण ते नाव दिवसभर माझ्या मागं लागलं. जंतू वाढवलेल्या प्लेट्स वाचताना, पार्किंगमध्ये गाडीवरचा बर्फ खरवडताना, रात्री कणीक मळताना, सारखं तेच.

कॅल्विन कूलिज, १९२३ ते १९२९ चा राष्ट्राध्यक्ष, म्हणजे 'सायलेंट कॅल', न बोलणारा. एवढंच इथे सगळ्यांना माहीत असतं, आणि मलाही तेवढंच माहीत होतं.

खरं सांगायचं तर माझी निवड मला कुणी विचारली असती तर मी लिंकन म्हटलं असतं. आपल्याकडे वाढलेल्या कुणीही तेच म्हटलं असतं. आमच्या शाळेत हेडसरांच्या खोलीबाहेर फ्रेममध्ये ते लिंकनचं हेडमास्तरांना पत्र लावलेलं होतं, काच एका कोपऱ्यात तडकलेली, आणि उशीर झाला की आम्हाला त्याच भिंतीसमोर उभं करायचे त्यामुळे ते पाठच झालं होतं. इथे आल्यावर कळलं की अमेरिकन लोकांना ते पत्र ठाऊकच नाही, आणि लिंकनच्या जपून ठेवलेल्या कागदांमध्ये ते कुठेही नाही. मला वाईट वाटलं पण लिंकनबद्दलचं प्रेम काही कमी झालं नाही, कारण त्याचं एक खरं पत्र मला नंतर भेटलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धात गेटिसबर्गची लढाई जिंकूनही जनरल मीडनं पळणाऱ्या शत्रूचा पाठलाग केला नाही म्हणून जुलै १८६३ मध्ये लिंकननं त्याला कडक पत्र लिहिलं, मनातला सगळा संताप ओतला, आणि मग पाठवलंच नाही, पाकिटावर शेरा मारून ठेवून दिलं की हे ना पाठवलं, ना त्यावर सही केली. असं न पाठवलेलं बरंच काही माझ्याकडेही आहे. त्यामुळे मनातल्या मनात मी स्वतःला लिंकनच्या जवळची मानत आले होते.

तर कूलिज. त्या वीकेंडला मी वाचायला बसले. पहिले पंधरा मिनिटं सगळे तेच ते किस्से, जेवणाच्या टेबलावर शेजारची बाई याला दोनाहून जास्त शब्द बोलायला लावायची पैज लावते आणि हा 'तुम्ही हरलात' एवढे दोनच शब्द बोलतो वगैरे, खरे किती नि रचलेले किती देव जाणे. पण मग त्यानं आपल्या एका जवळच्या मित्राला सांगितलेली एक गोष्ट वाचनात आली. लहानपणी घरी कुणी परकं माणूस आलं आणि स्वयंपाकघरातून त्यांचे आवाज ऐकू आले की याच्या पोटात गोळा यायचा. आई-वडील त्यांच्याशी बोलत बसलेले असायचे, आणि स्वयंपाकघराचं ते दार ओलांडून आत जाऊन पाहुण्यांना नमस्कार करणं ही जगातली सगळ्यात अवघड गोष्ट वाटायची. दहा वर्षांचा होत आला तेव्हा त्याला उमगलं की हे असं चालायचं नाही. तेव्हापासून तो दर वेळी नेटानं ते दार ओलांडत राहिला. मित्राला तो म्हणाला की जुन्या ओळखीच्यांत मला काही वाटत नाही, पण नवा माणूस भेटला की आजही मला ते घरचं जुनं दार ओलांडावं लागतं, आणि ते सोपं नसतं.

हे कुणी असं सांगितलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा वाचत होते.

आमचं घर वाईला, जुना वाडा. बाहेर ओसरी, मग बैठकीची खोली, मग माजघर, आणि मागं स्वयंपाकघर. ओसरीवर चपला काढल्याचा आवाज आला की मी माजघराच्या दारामागं. तिथे भिंतीला एक खुंटी होती, तिच्यावर आजोबांची छत्री आणि टोपी, आणि त्या छत्रीला पावसाळ्यानंतरही एक ओलसर वास यायचा. तो वास आणि बाहेरचं "अहो या या, बसा" हे माझ्या डोक्यात इतकं एकत्र झालंय की आजही कुठे दमट कापडाचा वास आला की छाती धडधडते. मग आईची हाक, अगं पाणी आण काकांना. तांब्या-भांडं हातात घेऊन मी दारापर्यंत जायचे आणि तिथे पाय थबकायचे. एक पाऊल, एवढंच. भांड्यातलं पाणी हलायचं. आत गेल्यावर पाहुणे नेहमीचंच विचारायचे, कितवीत, नाव काय, आणि माझं उत्तर भांड्याच्या आतच विरायचं. "शांत आहे हो फार" असं आई म्हणायची तेव्हा त्यात कौतुक असायचं, आणि पाहुणे गेल्यावर आजी म्हणायची "घुमी आहे, सासरी कसं व्हायचं हिचं." आठवी-नववीपर्यंत कौतुक, मग काळजी, मग लग्नाच्या वयात अडचण. मी तीच होते.

मग मेच्या शेवटी, तिथली घरं बघायला उघडतात तेव्हा, आम्ही व्हरमाँटला प्लिमथ नॉचला गेलो. बॉस्टनकडून अडीचेक तासांचा रस्ता, शेवटी शेवटी नुसती हिरवी डोंगरउतरण आणि पांढरी घरं. कूलिजचं सगळं गाव जसंच्या तसं जपून ठेवलंय. वडिलांचं किराणा दुकान, त्याच्या मागच्या घरात हा १८७२ मध्ये ४ जुलैला जन्मला, त्याच्या वडिलांनी गावकऱ्यांबरोबर काढलेला चीजचा कारखाना, तिथे आजही चीज होतं आणि दारात उभं राहिलं की आंबूस दुधाचा वास येतो, आणि रस्त्यापलीकडे ते घर. २ ऑगस्ट १९२३ ला रात्री राष्ट्राध्यक्ष हार्डिंग सॅन फ्रान्सिस्कोत वारला. उपाध्यक्ष कूलिज सुट्टीला वडिलांकडे आलेला, घरात फोन नव्हता, मध्यरात्री निरोप्या येऊन दार ठोठावतो. वडील नोटरी होते, त्यांनीच पहाटे २ वाजून ४७ मिनिटांनी रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात मुलाला शपथ दिली. ती खोली आपल्या बैठकीच्या खोलीपेक्षा मोठी नाही. गोल टेबल, दिवा, बायबल. शपथ झाल्यावर नवा राष्ट्राध्यक्ष परत वर जाऊन झोपला, हे ऐकून बाकीची मंडळी हसली आणि मला मात्र ते एकदम पटलं, कारण त्या वेळी बोलण्यासारखं खरंच काय होतं? पण मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ते स्वयंपाकघराच्या दाराशी. साधं लाकडी दार. मुलीनं विचारलं, आई फोटो काढू का, म्हटलं नको, थांब जरा.

कबरस्तान उतारावर आहे. कूलिज घराण्याच्या सात पिढ्या तिथे आहेत, एका ओळीत साधे दगड, कूलिजच्या दगडावर फक्त नाव, तारखा आणि वर राष्ट्राध्यक्षाची मुद्रा. शेजारी त्याच्या मुलाचा दगड, कॅल्विन ज्युनियर. वय १६.

इथे माझं काम मधे आलं. मी हॉस्पिटलच्या मायक्रोबायॉलॉजी लॅबमध्ये काम करते, आणि तो मुलगा ज्यानं गेला ते मी जवळपास रोज बघते. ३० जून १९२४ ला तो भावाबरोबर व्हाइट हाउसच्या कोर्टवर टेनिस खेळला, मोजे न घालता. पायाच्या बोटाला फोड आला. फोडातून स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतू रक्तात गेला. ७ जुलैला मुलगा संपला. आमच्याकडे ब्लड कल्चरची बाटली मशीनमध्ये असते, आत काही वाढलं की मशीन वाजतं, मग थेंबभर काचेवर पसरून रंगवायचं आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं, जांभळ्या गोल दाण्यांचे घड दिसतात. दुसऱ्या दिवशी रक्ताच्या अगरवर, म्हणजे जंतू वाढवायच्या रक्त घातलेल्या जेलीवर, सोनेरी-साईच्या रंगाच्या कॉलनी, कडेनं लाल रंग विरघळून पारदर्शक कडं पडलेलं. दिसायला सुंदर असतात त्या, हे आमच्या कामातल्या माणसालाच कळेल. ते दिसलं की लगेच वॉर्डला फोन करायचा असतो, नाव, बाटली, वेळ, आणि समोरच्याकडून परत वाचून घ्यायचं. माझा आवाज त्या फोनवर कधीच अडखळलेला नाही. मध्यरात्री अनोळखी डॉक्टरलासुद्धा मी ठणकावून सांगते. कूलिजचंही असंच होतं म्हणे, समारंभात तोंड न उघडणारा हा माणूस पत्रकारांना मात्र आठवड्यातून दोनदा नियमानं भेटायचा, आणि त्यांच्या प्रश्नांना सविस्तर उत्तरं द्यायचा. कामाचं बोलणं आणि नुसतं बोलणं यात आमच्यासारख्यांना फार अंतर वाटतं, ते बोलक्या लोकांना समजावून सांगता येत नाही.

त्या आठवड्यात कूलिजकडे देशातले उत्तमातले डॉक्टर होते आणि इलाज कुणाकडेच नव्हता. पेनिसिलिन सापडायला अजून चार वर्षं होती. बागेत दिसलेला एक ससा त्यानं स्वतः पकडून आजारी मुलाला दाखवायला नेला असं वाचलं. नंतर आत्मचरित्रात त्यानं लिहिलं की मुलगा गेला आणि त्याच्याबरोबर अध्यक्षपदाचं सगळं वैभव गेलं, मी राष्ट्राध्यक्ष नसतो तर त्या मैदानावर खेळताना त्याला तो फोड आलाच नसता. काही अभ्यासक म्हणतात की आधीचा कूलिज आणि नंतरचा कूलिज ही दोन माणसं आहेत. त्याआधी मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर म्हणून १९१९ चा बॉस्टनच्या पोलिसांचा संप त्यानं खंबीरपणे हाताळलेला होता, आणि नंतरचा तो दुपारी झोपा काढणारा, कशात जीव नसलेला. लोकांनी या सगळ्याला मिळून सायलेंट म्हटलं. मुलगा गेलेल्या बापाची शांतता आणि लाजऱ्या पोराची शांतता एकाच पाटीखाली. १९७२ साली जेम्स डेव्हिड बार्बर नावाच्या प्राध्यापकानं राष्ट्राध्यक्षांच्या स्वभावाचे चार कप्पे केले, त्यात कूलिज 'निष्क्रिय-नकारात्मक' कप्प्यात. हे कप्पे मला अजिबात आवडले नाहीत, माणसाला काय झालं होतं हे त्यात कुठे लिहायचं?

इतकं झाल्यावर मी त्याच्यावर जीवच लावून बसले होते. आणि तेव्हा २६ मे १९२४ ही तारीख समोर आली.

मुलगा जायच्या सहा आठवडे आधी, याच हातानं इमिग्रेशनच्या कायद्यावर सही केली होती. त्या कायद्यानं दक्षिण आणि पूर्व युरोपातल्या लोकांना अगदी मोजून-मापून आत घ्यायचं ठरवलं आणि ज्यांना नागरिक होता येत नाही अशांना येऊन राहायलाच बंदी केली. आपल्यासाठी दार १९१७ मध्येच लागलेलं होतं, १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं भारतीय माणूस गोरा नाही म्हणून नागरिक होऊ शकत नाही असं ठरवलं, आणि १९२४ नं वरून कडी घातली. कूलिजला त्यातली जपानी लोकांवरची बंदी पसंत नव्हती, तसं त्यानं सांगितलंही, पण सही केली. बरं, ही काही मन मारून केलेली सही म्हणावी तर तसंही नाही. १९२१ मध्ये, उपाध्यक्ष होण्याच्या सुमारास, त्यानं गुड हाउसकीपिंग या बायकांच्या मासिकात लेख लिहिला होता की जीवशास्त्राचे नियमच सांगतात, नॉर्डिक वंशात इतरांची भेसळ झाली की ऱ्हास होतो. जीवशास्त्र! मी ते वाचलं तेव्हा माझ्या समोर डब्यातली मटकीची उसळ होती आणि मागं इन्क्युबेटरमध्ये शे-दोनशे प्लेट्स, त्यातल्या कुठल्याच जंतूला माणसाचा वंश विचारायची सवय नाही.

मला नीट राग आला. आणि त्याच वेळी, माझ्या आतल्या दारामागच्या मुलीला हा माणूस जितका कळला होता तितकं कुणीच नाही, हेही खरं होतं. परक्या आवाजांनी ज्याच्या पोटात गोळा यायचा तो मोठा होऊन परक्यांना दार लावतो, असा सोपा सांधा मला तेव्हा सुचला होता, दोन दिवस तो पटलाही. पण मग त्याच सहा आठवड्यांतल्या बाकीच्या तारखा पाहिल्या. २ जूनला त्यानं इथल्या मूळ आदिवासींना नागरिकत्व देणाऱ्या कायद्यावर सही केली. ६ जूनला तो हॉवर्ड विद्यापीठात जाऊन काळ्या विद्यार्थ्यांपुढे त्यांच्या कर्तृत्वाबद्दल आदरानं बोलला. आणि मुलगा जाऊन महिना उलटल्यावर, ऑगस्टमध्ये, एका काळ्या माणसाला काँग्रेसची, म्हणजे इथल्या संसदेची, उमेदवारी मिळू नये अशी मागणी करणाऱ्या कुणा इसमाला त्यानं खरमरीत उत्तर लिहिलं, की असं पत्र मला आलंच कसं याचं नवल वाटतं, नागरिक म्हणून त्यांचा हक्क आहे. हे पत्र त्यानं लिंकनसारखं ठेवून दिलं नाही, पाठवलं, आणि ते छापूनही आलं. एकच लाजरा माणूस, एकच उन्हाळा. स्वभावावरून यातलं काहीही आधी सांगता आलं नसतं.

आता ज्यानं दार उघडलं त्याच्याबद्दल. लिंडन जॉन्सन, साठच्या दशकातला राष्ट्राध्यक्ष. या माणसाशी माझं एक मिनिट जमलं नसतं. सव्वासहा फुटांच्या वर उंच, समोरच्याच्या अंगावर ओणवून नाकाला नाक लावून बोलणार, खांदा धरणार, कोटाची कड धरणार, समोरचा मागं वाकत वाकत टेबलावर टेकेपर्यंत. १९५७ चे त्याचे फोटो आहेत तसे, एका म्हाताऱ्या सिनेटरवर झुकलेला, बघूनच मला श्वास कोंडल्यासारखं होतं. बाथरूममध्ये बसून अधिकाऱ्यांना सूचना देणारा, कुत्र्याला कान धरून उचलणारा. माझ्या आत्याचे यजमान असे होते, ते आले की मी गच्चीवर. आणि या माणसानं ३ ऑक्टोबर १९६५ ला लिबर्टीच्या पुतळ्याच्या पायाशी बसून नव्या इमिग्रेशन कायद्यावर सही केली. त्याआधी भारताचा कोटा होता वर्षाला शंभर माणसं. भाषणात तो म्हणाला की हा काही क्रांतिकारी कायदा नव्हे, याचा लाखोंच्या आयुष्यावर परिणाम होणार नाही. माझा मामा त्या कायद्यामुळे आला, मामी आली, पुढं माझा नवरा, मी. आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत आरतीला उभ्या असलेल्यांपैकी बहुतेक सगळे त्या एका सहीचे.

त्याला हे का सुचलं याचं एक कारण मला टेक्सासमधल्या कोटुला गावात दिसतं. १९२८ मध्ये विशीतला जॉन्सन तिथे मेक्सिकन मजुरांच्या मुलांच्या शाळेत मास्तर होता, मुलं उपाशीपोटी शाळेत यायची, आणि पहिल्या पगारातून त्यानं त्यांच्यासाठी खेळाचं सामान आणलं. मार्च १९६५ मध्ये मतदानाच्या हक्कावर काँग्रेससमोर बोलताना त्यानं त्याच मुलांची आठवण काढली, आणि म्हणाला की तेव्हा मला वाटलंही नव्हतं की एक दिवस यांच्या मुलाबाळांना मदत करायची संधी मला मिळेल, आता मिळालीय आणि ती मी वापरणार आहे. ते भाषण मी ऐकलं तेव्हा मला भरून आलं, तो आवाज, तो रेटा, त्याशिवाय ते कायदे झालेच नसते.

पण आईसमोर जॉन्सनचं नाव काढलं तर ती लाल गव्हाबद्दल बोलते. रेशनच्या दुकानापुढची रांग, अमेरिकेतून आलेला तो लालसर गहू, त्याची पोळी कितीही तेल लावलं तरी चिवट, आणि तोही दुकानात कधी येईल सांगता यायचं नाही. १९६५ पासून पुढं दोन वर्षं दुष्काळाच्या दिवसांत जॉन्सन भारताच्या गव्हाची जहाजं महिन्याच्या महिन्याला स्वतः अडवायचा आणि सोडायचा. आपल्या सरकारनं शेतीकडे लक्ष द्यावं म्हणून, आणि व्हिएतनामवरच्या बॉम्बिंगला आपण नावं ठेवली ते त्याला झोंबलं होतं म्हणूनही. म्हणजे नाकाला नाक लावून बोलणं त्यानं आख्ख्या देशाबरोबर केलं. आईला मी सांगितलं की ज्यानं गहू अडवला त्याच माणसामुळे मी इथे आहे. ती म्हणाली, "मग काय झालं, पोळी चिवटच होती." फोनवर दोघी गप्प बसलो थोडा वेळ, आमच्याकडे ते चालतं.

जेवायला शेजारी कोण हवा असं विचारलं तर मी आजही कूलिजच म्हणेन, दोघं काही न बोलता छान जेवू. पण सही करायला तो बसलेला मला नको. हे दोन्ही मला एकाच वेळी वाटतं आणि त्यातलं एकही मी सोडणार नाही. आमच्या मुलीचं मात्र वेगळंच, ती घरभर बोलत असते, पाहुणे यायच्या आधी दारात जाऊन उभी राहते, वादात समोरच्याच्या अगदी जवळ जाऊन हातवारे करते. पूर्वी मी तिला "जरा लांब उभी राहून बोल" म्हणायचे. हल्ली म्हणत नाही.

टेक्सासला जायचं ठरतंय, जॉन्सनचं गाव, त्याची लायब्ररी आणि जमलं तर कोटुलाची ती शाळा. नवरा म्हणतो उन्हाळ्यात अजिबात नको, मार्चमध्ये जाऊ. मुलीनं आत्ताच त्याच्या फोनवरच्या संभाषणांच्या टेप्स ऐकायला सुरुवात केलीय, मोठ्या आवाजात, स्वयंपाकघरात.